रिकाम्या जागेची बातमी



'उमेदवार' हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत आपण इतका ऐकतो की, त्याचा मूळचा व्यवसाय आपल्या स्मरणातून गेला आहे. फारशी भाषेत 'उमेद' म्हणजे आशा. आशेवर बसलेला तो उमेदवार. एकोणिसाव्या शतकात मामलेदाराच्या कचेरीत ओटीवर किंवा कोपऱ्यात बसून, एक पैही वेतन न घेता, नकला करणारा, टाक तासून देणारा, मोठ्या कारकुनाचे दप्तर उचलणारा आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा जो तरुण असे, त्याचे हे नाव. नोकरीच्या व्यवहारातले आपले पुष्कळ शब्द असेच बाहेरून आलेले आहेत. शिफारस फारशी, अर्ज अरबी आणि ज्याला आपण नाके मुरडतो तो 'वशिला'ही अरबीच. त्याचा मूळ अर्थ नुसता 'साधन' एवढाच होता. आपण त्याला जो वास लावला तो पुढचा.

आज नोकरी शोधणारा मुलगा संगणकापुढे किंवा हातातल्या मोबाइलपुढे बसतो. महाजालावर जाहिराती पाहतो, आपली माहिती भरून ठेवतो, चार अनोळखी माणसांशी ओळख जोडतो. हे सारे अगदी नवे आहे असे त्याला वाटते. साधन नवे आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो तीनशे वर्षांचा जुना आहे आणि तोच आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. जागा रिकामी झाली ही बातमी कोणाच्या कानी जाते, आणि कोणाच्या जात नाही?

वतनदारीच्या काळात पुष्कळांना हा प्रश्न पडतच नसे. कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णी, पाटलाचा मुलगा पाटील. जागा रिकामी होई ती मृत्यूने, आणि भरली जाई ती जन्माने. त्यात बातमी कसली? प्रश्न पडे तो वतनाबाहेरच्या माणसाला, म्हणजे गाव सोडून निघालेल्याला. बाळाजी विश्वनाथ भट कोकणातून सिद्दीच्या त्रासाने घाटावर आला, तेव्हा वेळासचे भानू बंधू त्याच्याबरोबर होते. 'मला भाकरी मिळाली तर तीतली चतकोर तुमची' असे त्याने त्यांना वचन दिल्याची आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काय ते असो, १७१३ साली बाळाजी पेशवा झाला आणि पुढे फडणिशी भानूंच्या घराण्यात आली, ती थेट नाना फडणिसांपर्यंत. त्यानंतर कोकणातून पुण्याकडे जी रीघ लागली तिच्यामागे कोणतीही जाहिरात नव्हती. एकाने दुसऱ्याला कळविले, दुसऱ्याने मेहुण्याला आणि मेहुण्याने भाच्याला. हाताला मोडीचे वळण असेल आणि जमाखर्च येत असेल तर उत्तमच. पण आधी विचारावयाचे ते 'आपण कोणाचे?' हेच.

हा प्रश्न आम्हा नाशिककरांच्या परिचयाचा आहे. आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्या पाहा. यात्रेकरू गोदावरीच्या काठी उतरला की, उपाध्याय त्याला गाव, आडनाव, गोत्र विचारतो आणि आपल्या नामावळीतून त्याच्या आजा-पणजाच्या हातचा लेख काढून दाखवितो. मग आलेला माणूस आपले नाव, भाऊ, मुलगे, सोयरे त्याखाली लिहून जातो. आज 'लिंक्डइन'वर माणसे आपली ओळख लिहून ठेवतात आणि कोण कोणाला ओळखतो हे तेथे दिसते, हे प्रथम पाहिले तेव्हा मला ह्या चोपड्यांचीच आठवण झाली. फरक एवढाच की, उपाध्यायाच्या चोपडीत रक्ताची नाती होती आणि ह्या नव्या चोपडीत कामाची आहेत.

इंग्रजी राज्य आले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली आणि नेमणुकीला कागदाचा आधार मिळाला. आता 'कोणाचा' याबरोबर 'किती शिकलेला' हेही विचारू लागले. परंतु कचेरीतली उमेदवारी चालूच राहिली, आणि तीच खरी चाळणी होती असे मला वाटते. बिनपगारी दोन-दोन, तीन-तीन वर्षे शहरात राहणे कोणाला शक्य होते? ज्याच्या घरी शेत होते, किंवा ज्याचा काका, मामा त्या शहरात नोकरीस होता, त्याला. शिवाय उमेदवार कचेरीतच बसलेला असल्यामुळे कोण रजेवर जाणार, कोणाची बदली होणार, कोण आजारी, हे त्याला सर्वांआधी कळे. बाहेरच्याला ते कळेपर्यंत जागा भरलेली असे. सरकारी जागा एकाच वर्गाच्या हाती एकवटल्याची तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे केली, ती वाचताना शिक्षणाचा प्रश्न आपल्या ध्यानी येतो. पण शिक्षणाइतकीच ही कचेरीच्या ओटीवरची बातमीही त्या एकवटण्याला कारण झाली असली पाहिजे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीनेही आहे. हुकूम छापला गेला; आणि छापलेला हुकूम ओटीबाहेरच्यालाही वाचता येतो.

लेखणीच्या नोकरीचे असे होते, तर हाताच्या कामाचे काय होते? त्यासाठी गिरणगावात गेले पाहिजे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभारण्यास प्रारंभ झाला आणि १८५६ पासून ती चालू झाली. पुढे गिरण्यांची संख्या वाढली, तसा रत्नागिरीचा, साताऱ्याचा, नगर-नाशिककडचा माणूस तिकडे निघाला. मालक एकीकडे आणि ह्या माणसाची भाषा दुसरीकडे. मध्ये उभा होता तो जॉबर. कामगार घ्यावयाचा त्याने, काढावयाचा त्याने, रजा द्यावयाची त्याने. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. पहाटे भोंगा होण्याच्या सुमारास गिरणीच्या दरवाजाशी माणसांची गर्दी जमे. आज किती माग मोकळे आहेत ते जॉबर पाही आणि बोटाने माणसे उचली. ज्याच्याकडे त्याचे बोट वळे तो त्या दिवसापुरता 'बदली' म्हणून आत जाई, बाकीचे घरी परतत. बोट वळावे म्हणून जे द्यावे लागे त्याला 'दस्तुरी' असे सोज्वळ नाव होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात ह्या पद्धतीवर कडक टीका केली आणि कामगार नेमण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा असे सुचविले. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. कार्ड असलेल्यानेच सकाळी हजर व्हावे आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरावी असा तिचा उद्देश. जॉबरचे बोट त्यामुळे एकदम थांबले नाही, पण त्याला आडवे येणारे काहीतरी प्रथमच निर्माण झाले.

तथापि जॉबरला नुसता खलनायक ठरवून भागणार नाही. कोकणातून बोटीने आलेल्या पोराला भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर जावयाचे कोठे हे ठाऊक असे. लालबाग-परळात त्याच्या गावाची खोली असे. दहा-पंधरा, कधी त्याहून अधिक माणसे पाळीपाळीने तीत झोपत. एकाच्या पाळीचा बिछाना दुसऱ्याच्या पाळीला उपयोगी पडे. जेवण खाणावळवालीकडे, बहुधा उधारीवर. काम मिळेपर्यंत गाव त्याला पोसे, आणि काम मिळवून देणारा जॉबरही पुष्कळदा गावचा नाहीतर शेजारच्या गावचा असे. ज्या शहरात सरकारचे नावही त्याने ऐकले नव्हते, तेथे त्याला उभे केले ते ओळखीनेच. आज मोठमोठ्या कंपन्या 'तुमच्या ओळखीचा योग्य माणूस सुचवा' म्हणून आपल्याच नोकरांना बक्षीस देतात, त्याला 'रेफरल' म्हणतात. गावकीच्या खोलीत तेच बक्षिसावाचून चाले.

पण त्या खोलीला दार होते आणि ते सर्वांना उघडे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना गिरणीत सूतकताईच्या खात्यात काम मिळे. विणकामखात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे मात्र मज्जाव होता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून विटाळ, हे कारण. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. त्यांना स्वतःला त्याचा कडू अनुभव होताच. १९१७ साली परदेशच्या उच्च पदव्या घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, पण राहावयास कोणी जागा देईना. नेमणूक होती, त्या शहरात त्यांना आपले म्हणणारे घर नव्हते.

आता छापील जाहिरातीकडे वळतो, कारण ओळखीचे पहिले खरे प्रतिस्पर्धी तीच. 'पाहिजेत' ह्या मथळ्याखालचे ते बारीक टाइपातले रकाने ज्यांनी भिंग घेऊन वाचले आहेत, त्यांना त्यांची किंमत सांगावयास नको. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. अशा वाचनालयांत सकाळी सकाळी अग्रलेख वाचणारे वृद्ध आणि जाहिराती उतरून घेणारे तरुण असे दोन पंथ असत. वृत्तपत्रासाठी ह्या दोघांत चालणारी मूक चढाओढ हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल! जाहिरातीखाली पुष्कळदा संस्थेचे नाव नसे, नुसता बॉक्स नंबर असे. अर्जदारांना ह्याचा राग येई. पण माझ्या मते त्या नंबराने एक उपकारही केला. जागा कोणाची हेच ठाऊक नाही, तर शिफारस न्यावयाची कोणाकडे? अर्थात सर्व जाहिराती प्रामाणिक नसत. जागा आधी भरावयाची आणि जाहिरात मागून द्यावयाची, असेही प्रकार मी शिक्षणक्षेत्रात पाहिले आहेत.

आणि ह्या साऱ्या अर्जांचे वहन करणारे जे टपालाचे तिकीट, ते कोठले? १९२६ पर्यंत आपल्या देशाची तिकिटे लंडनहून छापून येत. त्या वर्षापासून ती नाशिकरोडला छापली जाऊ लागली. म्हणजे मद्रासेच्या तरुणाने दिल्लीस पाठविलेला अर्ज असो की नागपूरच्या मुलाने मुंबईस पाठविलेला, त्याच्या आशेवर डकविलेला कागद आमच्या गावचा. नाशिककराने एवढा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

सरकारी जागांसाठी मुंबई-सिंध लोकसेवा आयोग १९३७ साली आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचा स्वतंत्र आयोग झाला. त्याहून सामान्य माणसाच्या जवळची संस्था म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, सेवायोजन कार्यालय. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लाखो सैनिक घरी परतणार होते. देवळालीची छावणी शेजारी असल्यामुळे हा प्रश्न काय आहे हे नाशिकला सांगावयास नको. त्यांना कामे मिळवून देण्यासाठी जुलै १९४५ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या मजूर खात्याखाली पुनर्वसन व सेवायोजन संचालनालय स्थापन झाले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते होते डॉ. आंबेडकरांकडेच. बडोद्यात ज्याला बिऱ्हाड मिळाले नाही, त्याच्या खात्याने अनोळखी माणसाला अनोळखी मालकाकडे पोहोचविणारी ही व्यवस्था उभारावी, ह्यात इतिहासाची संगती आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि १९४८ पासून सर्वांसाठी ही कार्यालये खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने, जो १ मे १९६० पासून अमलात आला, सरकारी आस्थापनांनी आणि २५ अगर अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा ह्या कार्यालयांना कळविणे सक्तीचे केले. लक्षात घ्या, कळविणे सक्तीचे. तेथूनच माणूस घेणे नव्हे. सक्ती होती ती केवळ बातमीची.

आमच्या पिढीतील घराघरांत ते कार्ड होते. मॅट्रिकचा निकाल लागला की नाव नोंदवावयाचे, ठराविक मुदतीने नूतनीकरण करावयाचे, पत्राची वाट पाहावयाची. कित्येकांचे पत्र आलेच नाही, हे खरे. कार्डे वाढली, जागा तितक्या वाढल्या नाहीत. पण कार्यालयाकडून नाव येईल त्यालाच बोलवावयाचे असा प्रघात सरकारी खात्यांत पडल्यामुळे आणखी एक विपरीत झाले. ज्याने नाव नोंदविले नव्हते त्याला दार बंद! शेवटी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात निर्णय दिला की, सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवावीत, त्याबरोबर वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी, सूचनाफलकावर लावावे, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरूनही जाहीर करावे आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार व्हावा. रिकाम्या जागेची बातमी ध्वनिक्षेपित करण्याचे महत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले, हे ह्या माध्यमावरून बोलताना सांगण्याचा मोह आवरत नाही.

नाशिकपुरते बोलावयाचे तर १९६० नंतरच्या दशकात गावाचा चेहरा बदलला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले, सातपूरला आणि मागून अंबडला कारखाने आले, ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत शिकाऊ मुले घेणे आणि त्यांना विद्यावेतन देणे ठरवून दिले. त्या मुलांना मराठीत काय म्हणतात? 'शिकाऊ उमेदवार'. कचेरीच्या ओटीवरचा तो बिनपगारी तरुण शंभर वर्षांनी यंत्रापुढे उभा राहिला, आणि त्याच्या आशेला कायद्याने थोडे का होईना वेतन बांधून दिले.

आता महाजाल. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. १९९७ साली 'नोकरी डॉट कॉम' निघाले, २००३ साली अमेरिकेत 'लिंक्डइन', आणि २० जुलै २०१५ रोजी भारत सरकारने 'राष्ट्रीय करिअर सेवा' हे दालन उघडले. आमच्या शिक्षकी पेशात २०१७ साली 'पवित्र' नावाचे दालन आले. त्याच्या इंग्रजी नावातच 'सर्वांना दिसेल असे' ह्या अर्थाचे शब्द आहेत. शिक्षकाची जागा सर्वांना दिसावी एवढ्यासाठी सरकारला एक यंत्रणा उभारावी लागली, ह्यावरून पूर्वी ती किती दिसत होती हे ताडावे. खासगी संस्थांसाठी मुलाखतीची सोय तीत ठेवली आहेच.

बातमी सर्वांना दिसू लागली. मग ओळखीचे काम संपले काय? अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावातील माणसांना विचारले की, तुमची नोकरी ज्याच्याकडून कळली तो तुम्हाला किती वेळा भेटतो? १९७३ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या जिवलगाकडून बातमी मिळालेले शेकडा सतराच्या आसपास होते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले शेकडा छपन्न, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित भेटणाऱ्याकडून मिळालेले शेकडा अठ्ठावीस. कारण उघड आहे. आपल्या जिवलगांना जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दुरून. २०२२ साली 'लिंक्डइन'च्या दोन कोटी लोकांच्या माहितीवरून संशोधकांनी हेच पुन्हा पडताळून पाहिले. अगदी निकटच्यांपेक्षा बेताच्या दूरच्या ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडतात असे त्यांना आढळले.

गावकीच्या खोलीला हे लावून पाहा. खोलीने आसरा दिला, अन्न दिले, पण बातमी दिली ती बहुधा एकाच गिरणीची, एकाच खात्याची. म्हणून माझ्याकडे दाखला मागावयास येणाऱ्या, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी नोकरी केली नाही अशा मुलांना मी सांगतो की, काका-मामा नाहीत याचे दुःख करू नका. दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेतून गेलेला, आता अंबडला किंवा पुण्याला लागलेला, तुम्हाला केवळ चेहऱ्याने ठाऊक असलेला मुलगा शोधा. त्याला चार नम्र ओळी लिहा. नोकरी मागू नका. तेथे काम काय असते, कोणते शिक्षण लागते, जागा केव्हा निघतात, एवढेच विचारा. पुष्कळजण उत्तर देतात. नोकरी देतो म्हणून जो आधी पैसे मागेल, त्याच्या दालनाचे नाव इंग्रजीत कितीही सुंदर असो, तो दस्तुरी मागणारा जॉबरच समजा. त्याच्या हाती तर गिरणीचे दारही नसते.

सर्वांना बातमी कळली म्हणजे काय होते, तेही २०२३ साली दिसले. वतनदार कुळकर्ण्याचे जे काम, तेच पुढे पगारी तलाठ्याकडे आले. कुळकर्ण्यांची वतने तर १९५० च्या कायद्याने रद्दच झाली. ज्या कामाच्या जागेची बातमी पिढ्यान्पिढ्या कधी निघालीच नव्हती, त्या तलाठ्याच्या ४,६४४ जागांची जाहिरात २०२३ साली महाजालावर झळकली आणि अर्ज आले १० लाखांहून अधिक. परीक्षा संगणकावर, जिल्ह्याजिल्ह्यांतील केंद्रांवर, कित्येक दिवस चालली. त्या दिवसांत आदल्या रात्रीच्या बसने येऊन नाशिकला उतरलेली खेड्यापाड्यांतली मुले-मुली पाठीवर पिशवी आणि हातात प्रवेशपत्र घेऊन केंद्राचा पत्ता विचारीत हिंडत होती. आपण कोणाचे, असे त्यांना कोणी विचारले नाही.